उलटा काटा

७ एप्रिल १९९८, मंगळवार

आणि पेट्रोलचा काटा तर छाती काढून उभा, भरलीय म्हणून! टाकीत थेंब नाही, गाडी भर रस्त्यात मेलेली, वरून बर्फाचं पाणी पडतंय, आणि तो काटा सांगतोय पोट भरलंय. मी स्टीअरिंगवर मूठ मारली. काटा हलला नाही. खोटारडा.

नवी टाकी आहे ही. जुनी गंजून गळायला लागली तेव्हा मीच म्हटलं होतं, गावातल्या गॅरेजात दे, एका दिवसात होईल. नाही. माझा नवरा लेलँड साऱ्या गावाच्या गाड्या दुरुस्त करतो, त्याच्या पिकअपला दुसऱ्याचा हात लागता कामा नये. बरं, नको लागू दे. मग स्वतःचा तरी नीट लाव. किती दिवस शेडमध्ये खुडबुड चालली होती. टाकी नवी आणली, आणि आतला तो फ्लोटचा दांडा, ज्याच्यावर काटा चालतो, तो भंगारवाल्या हार्लनकडच्या एका जुन्या गाडीतून काढून आणला. म्हणाला, नवा यायला महिना लागेल.

गंमत म्हणजे कालच मी म्हटलं होतं, "लेलँड, गाडी पेट्रोल पीतच नाही बघ. आठवडा झाला, काटा खाली उतरतच नाही." तो म्हणाला, "हं."

हं!

टपालवाला आला म्हणून वाचले. कामावर, वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात, पोचले तेव्हा म्हाताऱ्या चमचे वाजवत बसल्या होत्या. तिथून लेलँडला फोन केला. कॅन भरून घेऊन ये, मोठा ट्रक दारात उभा आहे ना? तर म्हणतो, "टपालवाला परत जाईल तेव्हा त्यालाच सांग." बायको रस्त्यावर भिजली आणि यानं किल्ली फिरवायचे कष्ट घेतले नाहीत. रात्री ताट आपटून वाढलं.

८ एप्रिल, बुधवार

कॅननं आणली गाडी गावात. पंपावर टाकी गच्च भरली. गाडी सुरू केली तर काटा खाली! अगदी तळाशी. रिकामी.

पंपावरचा पोरगा खिडकीतून डोकावला. "ताई, टाकीला भोक आहे काय?"

मी खाली वाकून बघितलं. गळत नव्हती. म्हणजे मी भरते तसा काटा उतरतो, आणि मी संपवते तसा चढतो. सासूबाई अशा होत्या. केलं की तोंड वाकडं, नाही केलं की समाधान.

घरी येऊन सांगितलं. लेलँडचा चेहरा पडला. "वायर सैल असेल," म्हणाला आणि बाहेर गेला. मी खिडकीतून बघत होते. गाडीत बसला आणि काट्याला नाक लावलं. मग मान वाकडी केली, कोंबडी दाणा बघते तशी, एका बाजूनं. बराच वेळ तसाच बसला. आत आला तेव्हा कॉफी ओतताना अर्धी टेबलावर सांडली. मी पुसली.

१० एप्रिल, शुक्रवार

आज हार्लनकडे गेले, भांडायला. भंगाराच्या आवारात तो नेहमीप्रमाणे खुर्ची टाकून बसला होता, कुत्रं पायाशी.

"तू माझ्या नवऱ्याला सडका माल दिलास," मी म्हटलं.

"डेल्फा, आधी 'कसा आहेस' म्हणतात."

"कसा आहेस. सडका माल दिलास."

त्यानं काटा कसा वागतो ते ऐकून घेतलं आणि हसायला लागला. मांडीवर थापा मारून हसला. मग म्हणाला, "तुमची गाडी पंच्याऐंशीची. हा दांडा अठ्ठ्याऐंशीच्या गाडीतला. मधे कंपनीनं सगळं उलटं केलं. जुन्याला भरलं की वीज जास्त जाते, नव्याला भरलं की कमी. जुन्यात नवा घातलास की काटा उताणा. हे इकडं पाद्रीबाबालासुद्धा माहीत आहे."

"लेलँडला माहीत नाही?"

तेव्हा हार्लनचं हसणं थांबलं. "लेलँडनंच तर मला शिकवलं."

त्यानं मला ती गाडी दाखवली. काचेवर पांढऱ्या रंगात हातभर उंचीचा आकडा. अठ्ठ्याऐंशी. पाचाचं तोंड जरा जास्त वळलं की आठ होतो, हे मला कळतं, पण हार्लनचा आठ म्हणजे चांगला पोट सुटलेला आठ आहे. "आणि आकडा कशाला वाचायला हवा?" तो म्हणाला. "समोरचे दिवे बघ. जुन्याचे चौकोनी, नव्याचे बाजूला वळलेले. लेलँड अर्ध्या मैलावरून गाडीचं साल सांगायचा. पैज लावून आम्हाला लुटायचा."

"मग हे कसं झालं?"

"मला काय माहीत? आला, काही विचारलं नाही, गाड्यांच्या रांगेतून हात फिरवत गेला. घोड्याच्या पाठीवरून फिरवतात ना, तसा. मला वाटलं, जुनी ओळख काढतोय." हार्लननं कुत्र्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही. "डेल्फा, तो बरा आहे ना?"

बरा आहे म्हटलं. मग गाडीत बसून विचार केला.

हे मी एकदा बघितलेलं आहे. सांडणं, अडखळणं, साधी गोष्ट चुकणं, नजर चुकवणं. अकरा वर्षांपूर्वी तो प्यायचा तेव्हा हेच होतं.

१२ एप्रिल, ईस्टर

चर्चच्या दारात इर्मानं गाठलं. ती आमच्या पलीकडच्या शेतावरची, तोंडात तीळ भिजत नाही.

"तुझा नवरा फार मोठा माणूस झालाय म्हणे."

"म्हणजे?"

"म्हणजे बोट उचलत नाही."

इकडे समोरून गाडी आली की ओळख म्हणून स्टीअरिंगवरचं एक बोट उचलायचं. शत्रू असला तरी उचलायचं. जमिनीच्या वादात ज्यांची दोन पिढ्या बोलणी बंद आहेत तेही उचलतात. इर्माचा नवरा म्हणे हिवाळ्यात लेलँडला दोनदा समोरून भेटला, बोट उचललं, आणि लेलँड दगडासारखा सरळ निघून गेला. "आमच्या ह्यांनी दोन रात्री विचार केला, आपलं काय चुकलं म्हणून," इर्मा म्हणाली.

मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याला विचार करायला काहीतरी मिळालं हे बरंच झालं. पण मनातून लाजले.

घरी ईस्टरचं डुकराचं हॅम कापायला लेलँडला सांगितलं. दरवर्षी तो कापतो, कागदासारखे पातळ काप. आज म्हणाला, "तूच काप." हात थरथरत असणार, दुसरं काय.

तो गोठ्याकडे गेल्यावर शेड पालथी घातली. रंगाचे डबे, टायरांच्या आत, पेटीच्या तळाशी. बाटली नाही. त्याच्या कोटाला वास घेतला. पुदिन्याची गोळी आणि ग्रीस. चांगलं लपवलंय. मागच्या वेळी इतका हुशार नव्हता.

१३ एप्रिल, सोमवार

विचारलं. मला मनात ठेवून बसता येत नाही. आई म्हणायची, डेल्फाच्या पोटात आणि तोंडात दार नाही.

"लेलँड, माझ्याकडे बघ."

त्यानं माझ्या कानाकडे बघितलं. हल्ली कानाशीच बोलतो. डोळ्याला डोळा देत नाही.

"परत प्यायला लागलास ना?"

तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मला वाटलं ओरडेल, शपथ घेईल, हे घर डोक्यावर घेईल. मी त्याच्याच तयारीत होते. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं.

"हो," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"थंडी पडली तेव्हापासून."

"बाटली कुठं ठेवतोस?"

"शेडमध्ये."

"शेडमध्ये कुठं? मी सगळी शेड बघितली."

त्याला सांगता येईना. दारूनं डोकंही गेलं. स्वतःची बाटली कुठं ठेवली ते आठवत नाही.

मागच्या वेळी मी त्याला सांगितलं होतं, पुन्हा एकदा आणि मी गेले. तेव्हा त्यानं माझ्या हातावर हात ठेवून मान हलवली होती. आज म्हटलं, "काय ठरलं होतं आठवतंय?"

"आठवतंय."

"मग?"

"तुझं बरोबर आहे, डेल्फा."

बरोबर आहे! असा माणूस. भांडायलासुद्धा येत नाही.

१६ एप्रिल, गुरुवार

मी पलीकडच्या खोलीत झोपते. ग्लेनडाइव्हला व्हर्डाला फोन केला. बहीण म्हणाली, "ये, खोली रिकामी आहे, तुला मी तेव्हाच सांगितलं होतं." तिनं काय आणि कधी सांगितलं होतं ते तिलाच ठाऊक, पण व्हर्डानं सगळं तेव्हाच सांगितलेलं असतं.

पण जाऊ कशानं? काटा उलटा. उलटा वाचून जा, असं व्हर्डा म्हणते. मी का म्हणून उलटं वाचू? आयुष्यभर सरळ वाचलंय. मी लेलँडला सांगितलं, "आधी काटा नीट कर. मग मी जाते."

मला वाटलं आता तरी काही बोलेल.

"करतो," म्हणाला. "वाटेत अडकायला नको तू. त्या रस्त्यावर वस्ती नाही."

दारुडे गोड बोलतातच. मला माहीत आहे. तरी माझ्या ताटात जेवण तसंच राहिलं.

संध्याकाळी मीच जाऊन हार्लनकडून पंच्याऐंशीचा दांडा घेऊन आले. काचेवरचा आकडा वाचला, दिवे बघितले, हार्लनला तिसऱ्यांदा विचारलं. तो म्हणाला, "बाई, बायबलवर हात ठेवू का?" मी म्हटलं, ठेव. ठेवला नाही.

१८ एप्रिल, शनिवार

आज टाकी पुन्हा खाली उतरवली. मी मदतीला राहिले, कारण मला लवकर निघायचं होतं. दुसरं कारण नाही.

पेट्रोल नळीनं कॅनमध्ये काढलं. टाकीखाली जॅक लावला, मधे फळी. टाकीचे पट्टे सोडले. टाकी हळूहळू खाली. लेलँड गाडीखाली पाठीवर सरकत होता आणि मी बाजूला गुडघ्यावर. टाकीच्या तोंडावरची कडी फिरवायला त्यानं लाकडाचा तुकडा घेतला आणि त्यावर हातोडी. लोखंडावर लोखंड मारलं की ठिणगी, आणि ठिणगी पडली की आम्ही दोघं उडून इर्माच्या अंगणात. मला वाटलं, इतका पितो आणि हे बरं विसरत नाही.

चुकीचा दांडा काढला, बरोबरचा घातला. टाकी जमिनीवर असतानाच लांब वायर जोडून त्यानं मला गाडीत बसवलं.

"काटा कुठंय?"

"खाली."

त्यानं फ्लोट हातानं उचलला असणार. "आता?"

"वर! लेलँड, वर गेला!"

"आता?"

"खाली!"

दोन-चारदा केलं. वर, खाली, वर. मी विसरलेच आपण कशासाठी करतोय ते. मग आठवलं आणि खाली उतरले.

"पिवळ्या वायरवर पांढरी रेघ आहे, ती कुठली?" त्यानं विचारलं.

"तुझ्या हातातच आहे की."

"बरं."

मग टाकी वर चढवली. शेवटचं काम त्रासाचं. टाकीच्या वरच्या अंगाला रबरी नळी बसवायची, तिच्यावर पट्टी आवळायची, आणि जागा एवढी की मांजराचा पंजा जाईल. मी आत सरकून त्याच्याशेजारी आडवी झाले आणि टॉर्च धरला. लग्न झाल्यापासून टॉर्च मीच धरते आणि लग्न झाल्यापासून शिव्या खाते. 'माझ्या डोळ्यात नको, कामावर धर.' 'हलवू नको.' 'तुला कुठं बघायचंय, मला बघायचंय.' आमचं अर्धं भांडण टॉर्चवरून झालंय.

टॉर्च पिवळा पडला. मग गेला. झटकला, लागला नाही. मी शिव्यांची वाट बघत राहिले.

शिव्या आल्या नाहीत. स्क्रू फिरल्याचा आवाज येत होता, कर्र, कर्र, अगदी बेतानं. गाडीच्या कडेनं थोडा उजेड येत होता, तेवढ्यात मी मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

त्याचे डोळे मिटलेले होते.

बोटं चालली होती. पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला, नळी किती आत गेली ते नखानं मोजलं, स्क्रूड्रायव्हर खाचेत बसवला, पहिल्या झटक्यात. डोळे मिटलेले. झोपल्यासारखा चेहरा.

"जरा डावीकडे धर," तो म्हणाला.

मी मेलेला टॉर्च डावीकडे धरला.

"हां. असाच."

मी तसाच धरून राहिले. हात दुखला. काम संपेपर्यंत हलवला नाही.

१९ एप्रिल, रविवार

चर्चला गेलो नाही.

काल बाहेर आल्यावर मी टॉर्च त्याच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "हा केव्हाचा मेलाय."

त्यानं बटण दाबून बघितलं. मग टॉर्चवर अंगठा फिरवत बसला.

"मधोमध भोक पडलंय," तो म्हणाला. "कडेकडेनं दिसतं. बघायला गेलं की नाहीसं होतं. तुझा चेहरा दिसत नाही, कान दिसतो. कानाकडे बघितलं की चेहरा थोडासा येतो."

"आणि पिणं?"

"मी पीत नाही, डेल्फा."

"मग हो का म्हणालास?"

त्यानं टॉर्च खाली ठेवला. "दारुड्याकडे लोक गाडी दुरुस्तीला देतात. दुपारच्या आत, तो प्यायला बसण्याआधी द्या म्हणतात आणि देतात. आंधळ्याकडे कोण देतं?"

मला इतका राग आला की मी उठून कोंबड्यांना दाणे घालून आले. घातलेले होते, पुन्हा घातले. परत आले तर तो तिथंच. मी म्हटलं, माझ्याशीसुद्धा? माझी काय गाडी होती तुझ्याकडे दुरुस्तीला?

त्यावर हसला. मेला हसला. आणि मग डोळ्यांतून पाणी, त्याच्या नाही, माझ्या. पुसलं.

संध्याकाळी माझी उशी परत आणली. या खोलीत गारठा कमी आहे.

२१ एप्रिल, मंगळवार

लेलँड, हे पान तुझ्यासाठी लिहितेय. तुला वाचता येणार नाही, म्हणून उद्या न्याहारीला मोठ्यानं वाचून दाखवणार आहे, आणि तोंडात अंडं असताना तुला उठून जाता येणार नाही. बोलून सांगितलं तर मी ओरडते आणि तू गोठ्याकडे जातोस, म्हणून लिहून घेतलंय.

पहिली गोष्ट. व्हर्डाला फोन करून येत नाही म्हटलं. का, ते सांगितलं नाही. ते तुझं आहे, तू सांग. ती म्हणाली, मला माहीतच होतं.

दुसरी गोष्ट. दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. शोधू नकोस. यावर बोलणं नाही. समोरून इर्माचा नवरा आला तरी तुला कळलं नाही, म्हणजे पोरांची शाळेची बस आली असती तर? हे आठवलं की माझी झोप जाते. तू गाडी चालवायची नाहीस. दुरुस्त करायचीस.

तिसरी गोष्ट. हो, दुरुस्त करायचीस. शनिवारी गाडीखाली मी बघितलंय. नंबर मी वाचीन, वायरचे रंग मी सांगेन, आकडा पाच की आठ तेही सांगेन. शिव्यासुद्धा घालीन, त्याची चिंता करू नकोस. लोकांना काय सांगायचं ते हार्लनला मी विचारलं. खूप नाही सांगितलं. तो म्हणाला, "लेलँड आंधळा झाला तरी माझ्या मेव्हण्यापेक्षा बरा." त्याच्या मेव्हण्याचं इंजिन तुझी वाट बघतंय.

चौथी गोष्ट, ज्यासाठी हे सगळं. बिलिंग्जच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी काल फोन केला. तिथल्या मुलीनं दोनदा तुझ्या नावाचं स्पेलिंग विचारलं, घाबरून मला आलं नाही, तिसऱ्यांदा आलं. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला मोठा डॉक्टर बघेल. ती म्हणाली, कधी कधी आहे तेवढं टिकवता येतं. गेलेलं येतं असं नाही म्हणाली. मी खोदून विचारलं, तरी नाही म्हणाली. पण आहे तेवढं. माझा कान तरी राहू दे.

काल रात्री तुला हे सांगितलं. तू म्हणालास, गवत कापून होऊ दे. गवत जुलैत. मी म्हटलं, जुलैपर्यंत भोक मोठं झालं तर? तू म्हणालास, बघू.

ती मुलगी जागा शुक्रवारपर्यंत राखून ठेवणार आहे. शुक्रवारी दुपारी जेवणाआधी मला तिला फोन करायचाय. तेव्हा शुक्रवारी सकाळी तू मला हो किंवा नाही सांगायचंस. तोंडानं. माझ्याकडे वळून. कानाकडे बघितलंस तरी चालेल.

नाही म्हणालास तर नाही. मी भांडेन, पण ते उत्तर घेईन. फक्त 'बघू' म्हणू नकोस, लेलँड. कशानं बघणार आहेस?

शुक्रवार.